आकडे कार्यालयाबाहेर आणा: वसई-विरारसाठी खुल्या माहितीचा मार्ग

२६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री विरार पूर्वेच्या विजय नगरमधील रमाबाई अपार्टमेंट ही इमारत कोसळली आणि १७ जणांचा जीव गेला. इमारत अनधिकृत होती. त्याच वर्षाच्या सुरुवातीला नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीतील ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने पाडून झाल्या होत्या. ती जमीन सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमी यांसाठी राखीव होती. तिथे संसार थाटलेली माणसे भर हिवाळ्यात रस्त्यावर आली.

घर घेताना सामान्य माणूस करारनामा पाहतो, वीजबिल पाहतो, घरपट्टीची पावती पाहतो आणि निश्चिंत होतो. यांपैकी एकही कागद इमारत अधिकृत असल्याचा पुरावा नाही. अनधिकृत बांधकामालाही घरपट्टी आकारली जाते. ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही. अग्रवाल नगरीच्या जमिनीवर आरक्षण आहे हे सांगणारा विकास आराखडा सरकारदरबारी होता, परवानग्यांची नोंदही होती. खरेदीदाराने बयाणा देण्याआधी त्या नोंदी त्याच्या मोबाइलवर सहज दिसतील, अशी सोय मात्र नव्हती.

सरकारी माहिती खुली करण्याचा खरा अर्थ इथे कळतो. नागरिकाला ज्या क्षणी निर्णय घ्यायचा असतो, त्या क्षणी ती त्याच्या हाती असली पाहिजे. हा लेख दोघांसाठी आहे: महापालिकेत बसून माहिती सांभाळणाऱ्यांसाठी आणि ती मागण्याचा हक्क असलेल्या नागरिकांसाठी.

कायदा आधीच आपल्या बाजूने आहे

माहिती उघड करणे हे कुणा अधिकाऱ्याच्या मर्जीवर नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने माहिती स्वतःहून, ठरावीक काळाने प्रसिद्ध करायची आहे. लोकांना अर्ज करण्याची वेळच कमीत कमी यावी, असे हे कलम सांगते. माहिती देताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरणारे माध्यम यांचा विचार करावा, असेही त्यात लिहिलेले आहे. म्हणजे मराठीतला, साध्या माणसाला समजणारा नकाशा ही कायद्याच्या अपेक्षेतलीच गोष्ट आहे.

केंद्र सरकारने २०१२ मध्ये माहिती सामायिक करण्याचे राष्ट्रीय धोरण आणले आणि त्याच वर्षी ओपन डेटाचे राष्ट्रीय पोर्टल सुरू झाले. २०१७ मध्ये अशा माहितीच्या वापराचा परवानाही जाहीर झाला. पुणे महापालिकेने स्वतःचे ओपन डेटा पोर्टल उभारले आणि शहरातील वृक्षगणना झाडागणिक नकाशावर आणली. महाराष्ट्रातल्या महापालिकेला हे जमते, याचा दाखला म्हणून एवढे पुरे.

वसई-विरारची गरज तर अधिकच आहे. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व आसपासच्या ग्रामपंचायती एकत्र करून ही महापालिका झाली. त्याआधी इथल्या नियोजनाचे काम सिडकोकडे होते. त्यामुळे एकाच जागेचे कागद ग्रामपंचायत, नगरपरिषद, सिडको, महसूल खाते आणि महापालिका अशा निरनिराळ्या दप्तरांत विखुरले. २०११ च्या जनगणनेतच शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती आणि त्यानंतरही गाव, पाडे, चाळी आणि टॉवर एकमेकांना खेटून वाढत गेले. जून २०२० पासून कित्येक वर्षे इथे प्रशासकाचा कारभार होता. नगरसेवक नसताना नागरिकाने विचारायचे तरी कुणाला? आता जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर ११५ सदस्यांचे सभागृह आहे. खुल्या माहितीचा आग्रह धरायला याहून योग्य वेळ नाही.

माहिती ‘खुली’ केव्हा म्हणायची?

संकेतस्थळावर स्कॅन केलेल्या पानांची पीडीएफ चढवली की माहिती खुली झाली, असे अनेक कार्यालयांना वाटते. तशा फाइलमध्ये शोधता येत नाही, बेरीज करता येत नाही, नकाशावर काही ठेवता येत नाही. चार कसोट्या लावून पाहा.

पहिली, माहिती तक्त्याच्या रूपात, म्हणजे एक्सेल किंवा सीएसव्ही फाइलमध्ये हवी. दुसरी, प्रत्येक तक्त्यावर ती कोणत्या तारखेपर्यंतची आहे, एकक काय आणि जबाबदार विभाग कोणता, हे लिहिलेले हवे. तिसरी, प्रत्येक नोंदीला ठिकाण हवे: प्रभाग समिती, सर्व्हे नंबर आणि शक्य तिथे अक्षांश-रेखांश. चौथी, ती उतरवून घ्यायला, छापायला आणि पुन्हा वापरायला पूर्वपरवानगी लागू नये.

यांत सर्वाधिक दुर्लक्ष होते ते ठिकाणाकडे. एकच वस्ती एका खात्यात जुन्या गावाच्या नावाने, दुसऱ्यात सर्व्हे नंबराने आणि तिसऱ्यात बिल्डरने दिलेल्या नगराच्या नावाने नोंदलेली असते. त्यामुळे दोन तक्ते एकमेकांना जुळत नाहीत. महापालिकेने आपल्या नऊ प्रभाग समित्या, त्यांतील गावे, पाडे आणि वसाहती यांची एकच प्रमाण यादी करावी आणि प्रत्येक खात्याने तीच वापरावी. या कामाचे उद्घाटन होत नाही, त्याची बातमीही येत नाही. पण पुढचे सारे याच पायावर उभे राहते.

महापालिकेने सुरुवात कुठून करावी?

मोठ्या पोर्टलची निविदा काढण्याआधी लोक कोणते प्रश्न घेऊन कार्यालयात येतात, ते पाहावे. वसई-विरारमध्ये चार प्रश्न सर्वांत निकडीचे आहेत.

*पहिला प्रश्न: ही इमारत अधिकृत आहे का?* दिलेल्या प्रत्येक बांधकाम परवानगीची (सीसी) आणि भोगवटा प्रमाणपत्राची (ओसी) यादी दिनांक, सर्व्हे नंबर, मंजूर मजले आणि महारेरा (राज्याचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण) क्रमांकासह प्रसिद्ध करावी. त्यावर विकास आराखड्यातली आरक्षणे दाखवणारा नकाशा ठेवावा. अनधिकृत ठरवून नोटीस दिलेल्या इमारती त्याच नकाशावर वेगळ्या खुणेने दाखवाव्यात.

या शहरात २०२३ मध्ये बनावट परवानग्यांच्या आधारे उभ्या राहिलेल्या ५५ इमारतींचे प्रकरण विरार पोलिसांनी उघडकीस आणले होते. कल्याण-डोंबिवलीत तर ६५ इमारतींसाठी बनावट कागदांवर महारेरा नोंदणीही मिळवलेली निघाली. म्हणून एका कार्यालयाच्या नोंदीवर विसंबून चालत नाही. महापालिकेची यादी खुली असेल, तर ग्राहक, बँक, वकील आणि पत्रकार ती महारेराच्या नोंदीशी ताडून पाहतील आणि खोटा कागद लवकर पकडला जाईल.

धोकादायक इमारतींची यादी दर पावसाळ्याआधी निघते. तिच्यात सी-१ म्हणजे अतिधोकादायक आणि तत्काळ रिकामी करण्याजोगी, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करण्याजोगी, सी-२बी म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती लागणारी आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची, असे वर्ग असतात. यादीत नुसते ‘सी-२ए’ छापले तर भाडेकरूला त्यातून काही कळत नाही. प्रत्येक वर्गापुढे ‘आता तुम्ही काय करायचे’ हे एका वाक्यात लिहावे आणि ती यादी इमारतीच्या दारावरही लावावी.

*दुसरा प्रश्न: पाणी केव्हा येणार?* सूर्या प्रकल्प, उसगाव आणि पेल्हार या स्रोतांवर शहर अवलंबून आहे. एमएमआरडीएच्या सूर्या प्रादेशिक योजनेची क्षमता दिवसाला ४०.३ कोटी लिटर असून त्यातले १८.५ कोटी लिटर वसई-विरारसाठी आहेत. पण एवढे कोटी लिटर मंजूर झाले, हे ऐकून कुणाचा हंडा भरत नाही. बाईला हवी असते वेळ: आज रात्री जागायचे की उद्या सकाळी कामावर उशिरा जायचे?

कोणत्या टाकीतून कोणत्या झोनला, किती वाजता, किती वेळ पाणी सोडले, याची नोंद पाणीपुरवठा विभागाने रोज प्रसिद्ध करावी. चावीवाल्याने वॉल्व्ह उघडताना आणि बंद करताना मोबाइलवरून एक संदेश पाठवला, तरी हा तक्ता तयार होतो. महिनाभराची नोंद एका आलेखात मांडली की कोणत्या भागाला सातत्याने कमी वेळ पाणी मिळते, ते वादाशिवाय दिसते. टँकरच्या फेऱ्याही याच तक्त्यात असाव्यात.

*तिसरा प्रश्न: आज पाणी तुंबणार का?* वसईच्या उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर. डोंगरावरून पाणी वेगाने उतरते आणि त्याच वेळी भरती असली तर त्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही. जुलै २०१८ च्या पुराने हे सर्वांना दाखवले. नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, लोकल बंद पडल्या, अनेक भाग विजेविना राहिले, मिठागरांत अडकलेल्या कुटुंबांना बाहेर काढावे लागले. त्यानंतर महापालिकेने नीरी आणि आयआयटी मुंबई यांच्याकडून कारणांचा अभ्यास करून घेतला.

अशा अभ्यासातली सखल ठिकाणे, नाल्यांची रुंदी आणि सुचवलेल्या कामांची आजची स्थिती नकाशावर यावी. पावसाळ्यात प्रभागनिहाय पाऊस आणि भरतीची वेळ एकाच चित्रात शेजारी दाखवावी, कारण धोका त्या दोहोंच्या गाठीत आहे. आयआयटी मुंबईने २०२४ मध्ये मुंबईसाठी सुरू केलेल्या संकेतस्थळावर आणि ॲपवर नागरिकही आपल्या ठिकाणची पाण्याची पातळी कळवू शकतात. तोच मार्ग इथेही घेता येईल. तोवर सखल रस्त्यांच्या कडेला फुटांच्या खुणा रंगवलेले खांब उभे करावेत. नेट नसलेल्या रात्रीही तो खांब माहिती देत राहतो.

*चौथा प्रश्न: माझ्या प्रभागात पैसा किती आणि कशावर खर्च झाला?* अंदाजपत्रकाचा जाड ग्रंथ कुणी वाचत नाही. त्यातली कामे प्रभागनिहाय वेगळी करावीत. कामाचे नाव, ठिकाण, मंजूर रक्कम, ठेकेदार, सुरू व पूर्ण होण्याची तारीख आणि आजवर दिलेले बिल एवढे रकाने पुरेत. नालेसफाईच्या कामाला सफाईआधीचा आणि नंतरचा, तारीख असलेला फोटो जोडावा.

चित्र काढताना हे पथ्य पाळा

१८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू घराघरांनुसार नकाशावर मांडले. ते ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पाण्याच्या पंपाभोवती दाटलेले दिसले. मृतांची यादी सरकारकडेही होती. ठिकाणानुसार मांडणी केल्यावर तिच्यातून कारण पुढे आले. दृश्य मांडणीचे सामर्थ्य एवढे असते आणि ती चुकली तर दिशाभूलही तेवढीच होते. म्हणून काही नियम सांभाळावेत.

एकूण संख्येऐवजी प्रमाण दाखवा. समजा, एका प्रभागातून ३०० तक्रारी आल्या आणि तिथली वस्ती एक लाख आहे, तर दुसऱ्यातून २०० आल्या आणि वस्ती ४० हजार आहे. संख्येने पहिला प्रभाग त्रस्त वाटेल. हजारी प्रमाण काढले तर पहिल्यात ३ आणि दुसऱ्यात ५ तक्रारी येतात, म्हणजे खरा त्रास दुसऱ्यात आहे.

कमी तक्रारी म्हणजे सारे आलबेल, असेही समजू नका. पेल्हार किंवा वालीव भागातल्या बैठ्या चाळीत राहणारा कामगार, तुंगारेश्वरच्या पायथ्याच्या पाड्यावरचे आदिवासी कुटुंब ॲपवर तक्रार नोंदवत नाही. जिथून आवाज येत नाही, तिथे अधिकाऱ्याने स्वतः जाऊन मोजणी करावी.

काळानुसार बदल दाखवायला रेषेचा आलेख, प्रभागांची तुलना करायला स्तंभ आणि ‘कुठे’ याचे उत्तर द्यायला नकाशा वापरा. स्तंभालेख शून्यापासून सुरू करा, नाहीतर किरकोळ फरक डोंगराएवढा दिसतो. लाल आणि हिरवा रंग अनेकांना वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून रंगासोबत खूण किंवा अक्षर द्या. चित्राला प्रश्नाचे उत्तर हेच शीर्षक द्या: ‘पाणीपुरवठा स्थिती’ यापेक्षा ‘आचोळ्यात या आठवड्यात पाणी केव्हा येईल’ हे बरे. खाली तारीख छापा.

भाषा मराठी ठेवा आणि वस्ती पाहून हिंदीही जोडा. चित्र मोबाइलच्या लहान पडद्यावर वाचता येईल आणि व्हॉट्सॲपवर पाठवता येईल एवढे हलके असावे. रेल्वे स्थानकाबाहेरचा फलक, रेशन दुकान, आरोग्य केंद्र आणि सोसायटीचा सूचनाफलक इथेही ते छापून लावावे.

काय उघड करू नये

कारभार उघड करायचा, माणूस नाही. डेंग्यूचे रुग्ण कोणत्या भागात वाढले हे सांगावे, रुग्णाचे नाव आणि पत्ता सांगू नये. लाभार्थ्यांची यादी देताना आधार क्रमांक, बँक खाते, मोबाइल क्रमांक वगळावेत. एखाद्या लहान पाड्यावर दोनच रुग्ण असतील, तर नाव न देताही ते ओळखले जातात. तिथे आकडा मोठ्या भागात मिसळून द्यावा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे आणि तो पाळलाच पाहिजे. परंतु त्याची ढाल करून ठेके, परवानग्या आणि खर्च झाकून ठेवणे गैर आहे.

नागरिकांनी काय करावे?

घर घेण्याआधी महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प शोधा, त्यावर चढवलेली सीसी पाहा आणि तिचा क्रमांक महापालिकेच्या नगररचना विभागात पडताळून घ्या. सातबारा महाभूलेख संकेतस्थळावर पाहा. जमीन कोणत्या झोनमध्ये आहे आणि आरक्षण आहे का, हे लेखी विचारा. बयाणा त्यानंतरच द्या.

माहिती अधिकारात अर्ज करताना महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. शुल्क १० रुपये असून दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला ते लागत नाही. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. न मिळाल्यास पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील करा. माहिती कोणत्या स्वरूपात हवी, हे अर्जात जरूर लिहा, कारण मागितलेल्या स्वरूपात ती शक्यतो द्यावी, असे कलम ७ (९) सांगते. मजकूर असा ठेवता येईल:

‘प्रभाग समिती डी (आचोळे) हद्दीत १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळात दिलेल्या बांधकाम परवानग्या व भोगवटा प्रमाणपत्रांची यादी मिळावी. रकाने: दिनांक, गाव, सर्व्हे नंबर, मंजूर मजले, विकासक. कार्यालयात असलेली एक्सेल फाइल ईमेलने किंवा सीडीवर द्यावी.’

‘सर्व माहिती द्यावी’ असे मोघम लिहिले तर उत्तरही मोघमच येते.

अर्ज न करताही एक वाट आहे. राज्य शासनाच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकानुसार महापालिका आणि जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख नागरिकांना पाहण्यासाठी खुले करायचे आहेत. चार-पाच जणांनी मिळून जावे, आपल्या रस्त्याच्या कामाची फाइल मागावी, नोंदी टिपून घ्याव्यात आणि आपल्या प्रभागाचा साधा तक्ता स्वतः तयार करावा.

कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मंडळनिहाय रोजचा पाऊस मिळतो. ओपनस्ट्रीटमॅपवर कुणीही आपल्या पाड्याची वाट, विहीर, दवाखाना नोंदवू शकतो. वसई, विरार आणि नालासोपाऱ्यातल्या महाविद्यालयांनी भूगोल, संख्याशास्त्र आणि संगणकाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून हीच कामे द्यावीत. शहराला नकाशे मिळतील आणि मुलांना खऱ्या प्रश्नांवर हात बसवता येईल.

टिकवायचे कसे?

अशा कामांचा शेवट बहुधा एकाच प्रकारे होतो. उद्घाटन होते, पहिले काही महिने माहिती भरली जाते, मग अधिकारी बदलतो आणि शेवटची तारीख तिथेच थिजते. यावर उपाय व्यक्तीऐवजी पद्धतीत आहे. एक माहिती अधिकारी नेमावा, प्रत्येक खात्याने कोणत्या तारखेला कोणता तक्ता द्यायचा याचे वेळापत्रक जाहीर करावे आणि उशीर झाल्यास तेही त्याच पानावर दिसावे. जुन्या वर्षांचे तक्ते काढून टाकू नयेत, कारण तुलना त्यांच्यामुळेच होते. नागरिकाने चूक दाखवली तर ती दुरुस्त करून दुरुस्तीची नोंद ठेवावी. चुका दिसतील या भीतीने माहिती दडवणारे कार्यालय त्या चुकांसह काम करत राहते आणि त्यांची किंमत नागरिक मोजतात.

नव्या नगरसेवकांना एवढेच सांगणे आहे: सभागृहात ठराव आणा आणि परवानग्या, पाणी, पूर आणि खर्च हे चार तक्ते पहिल्या वर्षात खुले करून घ्या. आणि वाचकहो, येत्या सोमवारी दुपारी ३ वाजता महापालिका कार्यालयात जा. आपल्या इमारतीची परवानगी, आपल्या झोनचे पाणी, आपल्या नाल्याचे बिल, यांपैकी एक तरी नोंद स्वतःच्या डोळ्यांनी पाहून या.